जुन्या स्टील फ्रेमची फिक्सी: निवडण्यापासून मिरवण्यापर्यंत

भिंतीला टेकवलेली एखादी जुनी फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकल, दिसली की सायकलवेडी माणसं तिच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसतात. लगचे (नळ्यांच्या जोडावरच्या धातूच्या बाह्यांचे) कोपरे बघतात, मागच्या कॉगचे (चाकावरच्या दातेरी चकतीचे) दात मोजतात, बॉटम ब्रॅकेटखाली (पायडलची धुरी बसते त्या भागाखाली) कोरलेला नंबर वाचायला मान वाकडी करतात. मीही त्यांतलाच. स्वतःसाठी आणि मित्रांसाठी जुन्या फ्रेम उघडता उघडता एक नियम मनाशी पक्का झाला: जे काम नंतर उलटवता येणार नाही, ते जुन्या फ्रेमवर करायचं नाही. चाळीस-पन्नास वर्षं टिकलेली फ्रेम आपल्यानंतरही कुणाच्या तरी हाती जाणार आहे. पुढची प्रत्येक पायरी या नियमाला धरून आहे.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिक्स्ड गिअर सायकलीला फ्रीव्हील नसतं. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॉग थेट आट्यांवर घट्ट बसतो, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतात. उतारावर पाय थांबवून नुसतं बसता येत नाही. पायांनी उलटा जोर दिला की चाक मंदावतं. ट्रॅकवरच्या शर्यती आजही याच सायकलींवर होतात. रस्त्यावरच्या शर्यतीतही गिअर उशिराच आले, टूर द फ्रान्सने डिरेलरला (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअर यंत्रणेला) १९३७ साली परवानगी दिली. त्याआधीचे स्वार मागच्या हबच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दातांचे कॉग लावत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून अख्खं चाक काढून उलटं बसवत. आज आपण ज्याला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतो, तो त्याच युक्तीचा वारस.

फ्रेम कोणती घ्यावी

जुन्या फिक्सींचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे ट्रॅकसाठीच बांधलेली फ्रेम. यात जपानच्या केइरिन फ्रेमचं स्थान वेगळंच आहे. केइरिन ही सट्ट्याची सायकल शर्यत १९४८ साली जपानमधल्या कोकुरा शहरात सुरू झाली. पैसे लावणाऱ्यांना सगळ्या स्वारांच्या सायकली सारख्या दर्जाच्या आहेत याची खात्री हवी, म्हणून फ्रेमपासून पायडलच्या पट्ट्यापर्यंत प्रत्येक भागाला मान्यता लागते. मान्य भागावर ‘एनजेएस’ हा शिक्का असतो. नागासावा, माकिनो, कालाविंका, सॅमसन ही नावं ऐकून लोकांचे डोळे चमकतात ते याच परंपरेमुळे. कोइची नाकानो या केइरिन स्वाराने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं स्प्रिंटचं व्यावसायिक विश्वविजेतेपद जिंकलं. इटलीच्या चिनेली, कोल्नागो, दे रोसा यांच्या ‘पिस्ता’ म्हणजे ट्रॅक फ्रेमचाही असाच चाहतावर्ग आहे.

ट्रॅक फ्रेम दिसायला देखणी असते, पण तिचा स्वभाव समजून घ्या. हेड ट्यूब (हँडलखालची नळी) बरीच उभी असते, चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या भागाला) बाक कमी असतो आणि दोन चाकांमधलं अंतरही कमी. हँडल जरा वळवलं तरी ती लगेच वळते. हळू वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागू शकतो. चिमट्याला ब्रेकचं भोक बहुतेकदा नसतंच.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या रोड फ्रेमची फिक्सी. पहिल्या बांधणीसाठी मी हीच सुचवेन. तिला ब्रेकची सोय असते, जाड टायरला जागा असते आणि ती दिवसभर चालवता येते. फक्त मागचे ड्रॉपआउट (चाकाची धुरी बसते त्या खाचा) आडवे हवेत, कारण चेनचा ताण चाक पुढे-मागे सरकवूनच जुळवायचा असतो. उभे ड्रॉपआउट असतील तर चाक सरकत नाही. मग विकेंद्री धुरी असलेला खास हब शोधावा लागतो. पहिल्या वेळी त्या वाटेला जाऊ नका.

नळ्यांवरचे स्टिकर वाचा. रेनॉल्ड्स ५३१ ही नळी १९३५ पासूनची आणि कोलंबसच्या एसएल नळ्याही नावाजलेल्या. स्टिकर मात्र कुणीही चिकटवू शकतं, त्यामुळे सीटपोस्टची (सीटखालच्या दांड्याची) जाडी मोजा. या दोन्ही हलक्या नळ्यांच्या फ्रेमना सहसा २७.२ मिलिमीटरचा सीटपोस्ट बसतो. त्याहून बराच बारीक लागत असेल तर नळी जाड भिंतीची आणि फ्रेम साधी असण्याची शक्यता जास्त. साध्या फ्रेममध्ये काही वाईट नाही, पण आपण काय घेतोय हे ठाऊक असावं.

तपासणी

फ्रेम उन्हात न्या. वरची दांडी आणि खालची नळी हेड ट्यूबला जिथे मिळतात, त्या जागेच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या फ्रेमला तिथे सुरकुतीसारखी लाट येते किंवा रंगाला आडवी चीर जाते. अशी फ्रेम भिंतीवर टांगायला ठीक, चालवायला नाही.

मग दोरा घ्या. एका ड्रॉपआउटला बांधून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन्ही आकडे सारखे आले तर मागचा भाग सरळ आहे. एक-दोन मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर फ्रेम जाणकार कारागिराला दाखवा.

सीटपोस्ट आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) हलतात का, हे घेण्याआधीच बघा. स्टीलच्या नळीत अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षं तसाच राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. माझ्याकडे आलेल्या एका फ्रेमचा सीटपोस्ट सुटायला अकरा दिवस लागले. रोज आत झिरपणारं तेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा प्रयत्न. शेवटी बर्फाने काम झालं. थंडीत अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे सीटपोस्टवर बर्फ धरून ठेवला आणि मग फ्रेम पिळली. घाईत हातोडा आणि ब्लोटॉर्च चालवला असता तर रंग गेला असता आणि कदाचित नळीही.

उघडणं आणि साफ करणं

सुट्टं करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा आणि प्रत्येक जोडाचे वॉशर वेगळ्या डबीत ठेवा. क्रँक (पायडलचा दांडा) काढायचा पुलर आट्यात पूर्ण आत गेल्याशिवाय फिरवू नका, अर्धवट बसलेला पुलर अॅल्युमिनियमचे आटे ओरबाडून काढतो. बॉटम ब्रॅकेट उघडण्याआधी तिचं माप ओळखा. रुंदी ६८ मिलिमीटर असेल तर बहुधा इंग्लिश आटे, म्हणजे उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा. रुंदी ७० असेल तर इटालियन, तिथे दोन्ही बाजू सुलट. जुन्या फ्रेंच फ्रेम ६८ च्या असूनही दोन्ही बाजूंना सुलट आट्याच्या असू शकतात. चुकीच्या दिशेने जोर लावून कप आणखी आवळला जाण्याची चूक इथेच होते.

गंजासाठी ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ पाणी उत्तम. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन फ्रेम पूर्ण वाळवा. क्रोमवरचे गंजाचे ठिपके अॅल्युमिनियमच्या चुरगाळलेल्या ओल्या फॉइलने घासले की निघतात. नळ्यांच्या आत तेलाचा हात फिरवा, कारण फ्रेम आतून गंजते ते बाहेरून दिसत नाही. छर्रे नवे घाला. ते स्वस्तातला भाग आहेत आणि जुन्या हबला नवा जन्म देतात.

आता रंगाचं. मूळ रंग आणि स्टिकर साठ टक्के जरी शाबूत असतील तरी पुन्हा रंगवू नका, असं माझं ठाम मत आहे. ओरखड्यांवर मेण लावा आणि थांबा. नवा रंग पुढच्या महिन्यातही देता येतो, जुना रंग परत आणता येत नाही. तसंच डिरेलरचा कान (डिरेलर अडकवायची फ्रेमवरची जागा) कापणं आणि केबलचे गाइड घासून टाकणं. फ्रेम ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून कित्येक उत्तम रोड फ्रेमचे कान ग्राइंडरने उडवले गेले आहेत. त्या फ्रेमवर पुन्हा कधीच साधेपणाने गिअर बसणार नाहीत. तो कान तिथे असल्याने फिक्सीचं काहीही बिघडत नाही.

हब: इथे तडजोड नाही

ट्रॅक हबवर दोन आटे असतात. आतल्या मोठ्या आट्यावर कॉग बसतो. बाहेरच्या, थोड्या लहान आणि उलट्या आट्यावर लॉकरिंग (कॉगला अडवून धरणारी कडी) बसते. पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटायला बघतो, पण तो सुटण्याच्या दिशेला लॉकरिंग आवळली जाते. हा उलटा आटा म्हणजे तुमची सुरक्षा.

जुन्या फ्रीव्हीलच्या हबवरही कॉग चढतो, कारण आटा तोच. वर बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग घालून काम भागवणारे लोक भेटतील. त्या रिंगचा आटा सुलट असतो, त्यामुळे कॉग सुटताना रिंगही सोबत सुटते, आणि तीही नेमकी तुम्ही थांबायचा प्रयत्न करत असताना. असा हब मी कुणालाही बांधून देत नाही.

कॉगच्या आट्याला ग्रीस लावा, चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) जोर लावून आवळा, मग लॉकरिंग तिच्या आकड्याच्या पान्याने आवळा. चेन बॉटम ब्रॅकेटभोवती गुंडाळून चाकाच्या जोराने कॉग आवळायची एक पद्धतही आहे. तिने कॉग पक्का बसतो, पण जुन्या रंगावर वळ उठतात. करायचीच तर मध्ये जाड रबर घाला.

हबची रुंदी हा पुढचा प्रश्न. ट्रॅक हब १२० मिलिमीटरचा असतो. जुन्या रोड फ्रेम पाच गिअरच्या काळात १२०, सहा-सात गिअरच्या काळात १२६ आणि त्यानंतर १३० च्या आल्या. हब १२० चा आणि फ्रेम १२६ ची असेल तर धुरीवर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरचे स्पेसर घाला, आणि नट पूर्ण आट्यांवर बसतील इतकी धुरी लांब आहे ना ते बघा. फ्रेम वाकवूनही माप जुळवता येतं आणि स्टील ते सोसतं. पण स्पेसर काढता येतात, म्हणून माझी पसंती स्पेसरला. अॅल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम मात्र कधीही वाकवू नये.

चेनलाइन

फिक्सी आवाज न करता चालते की कुरकुरते, ते इथे ठरतं. चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चकती) आणि कॉग एकाच सरळ रेषेत हवेत. ट्रॅक हबवर कॉगचा मध्य सायकलीच्या मध्यरेषेपासून साधारण ४२ मिलिमीटरवर येतो. आता सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनरिंगच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून मोजून ट्यूबच्या जाडीचा अर्धा भाग मिळवला की झालं.

जुन्या दोन चेनरिंगच्या रोड क्रँकवर बाहेरची जागा बहुधा फार बाहेर पडते. एकच चेनरिंग आतल्या जागेवर, आखूड बोल्टने लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर जुळतं. नाही जुळलं तर वेगळ्या लांबीची बॉटम ब्रॅकेटची धुरी घ्या. एक मिलिमीटरचा फरक चालतो, दोन-तीन झाला की आवाज येतो, त्याहून वाढला तर चेन उडण्याची भीती. गिअरच्या सायकलीवर चेन उडाली तर फार तर थांबावं लागतं. फिक्सीवर उडालेली चेन मागच्या चाकात अडकून चाक जाम करू शकते, म्हणून मी या मोजमापावर अख्खी संध्याकाळ घालवायला तयार असतो.

दोन्ही बाजूंना स्पेसर सारखे घातले असतील तर कॉगची जागा बदलत नाही, हे ध्यानात ठेवा.

दातांचं गणित

पुढचे दात भागिले मागचे दात, हे गुणोत्तर. ४६ आणि १७ घेतले तर २.७ येतं. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी सुमारे ३१ किलोमीटर. उतारावर ताशी ४० चा वेग आला की तुमचे पाय मिनिटाला ११७ च्या आसपास फिरणार, थांबवता येणार नाहीत. एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूने १९७२ साली मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं ते ५२ आणि १४ दातांवर, म्हणजे ३.७ च्या गुणोत्तरावर. त्याला चौकात थांबायचं नव्हतं. रस्त्यासाठी २.६ ते २.८ च्या मध्ये राहा, चढ जास्त असतील तर आणखी खाली या.

एक गणित पुष्कळांना माहीत नसतं. मागचं चाक अडवून घसरवलं, म्हणजे स्किड केली, की टायर ठरावीक जागांवरच झिजतो. अशा जागा किती, ते अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिलं की कळतं, छेद म्हणजे तेवढ्या जागा. ४८/१६ म्हणजे ३/१, छेद १. रोज एकाच जागी टायर घासणार आणि लवकरच फाटणार. ४४/१६ म्हणजे ११/४, चार जागा. ४६/१७ ला संक्षेपच नाही, म्हणून सतरा जागा. दोन्ही पाय आळीपाळीने पुढे ठेवून स्किड करत असाल आणि संक्षिप्त रूपाचा अंश विषम असेल, तर जागा दुप्पट होतात. म्हणून मागे १७ दात मला फार आवडतात.

क्रँकची लांबीही बघा. वळणावर पायडल थांबवता येत नाही आणि रोड फ्रेमची बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असते. १७० ऐवजी १६५ मिलिमीटरचे क्रँक लावले तर आतलं पायडल जमिनीला घासण्याचा धोका कमी होतो.

चेनचा ताण

वरच्या चेनच्या मध्यावर बोटाने दाबलं की ती वर-खाली मिळून एक-सव्वा सेंटिमीटर हलायला हवी. क्रँक हळूहळू फिरवा. एका जागी चेन ताणली जाते आणि समोरच्या बाजूला सैल होते, असं दिसलं तर चेनरिंग मध्यावर बसलेली नाही. तिचे बोल्ट किंचित सैल करा, सर्वांत ताणलेल्या जागी क्रँक थांबवून चेनवर लाकडी दांडक्याने हलकेच टिचका मारा, पुन्हा फिरवून बघा. तीन-चार वेळा केलं की ताण एकसारखा होतो. मग बोल्ट एकाआड एक आवळा.

हे करताना बोटं चेनपासून लांब ठेवा. फिक्सीचं फिरतं चाक चेनला खेचत राहतं आणि चेनरिंगमध्ये सापडलेलं बोट सुटत नाही, तुटतं. चाक फिरत असताना चेनला फडकं कधीही लावू नका.

ब्रेक

पुढचा ब्रेक लावा. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, त्यामुळे केवळ पायांनी थांबायला खूप जास्त अंतर लागतं. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनुसारही फिक्सीला पुढच्या चाकावर ब्रेक लागतोच. जपानमध्ये रस्त्यावर दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. जुन्या फ्रेमवर २७ इंची चाकांऐवजी ७०० सी चाकं लावली तर रिमची कड चार मिलिमीटर खाली जाते, म्हणजे तेवढ्या जास्त लांबीचा ब्रेक हवा. ट्रॅक चिमट्याला भोक पाडू नका. भोक असलेला दुसरा चिमटा लावा आणि मूळ चिमटा तेल लावून जपून ठेवा.

पहिली फेरी

मोकळं, सपाट मैदान निवडा. बुटाच्या नाड्या आत खोचा, पँटचा पाय बांधा. पायडलला पट्टे हवेतच, कारण पाय निसटला तर फिरतं पायडल पोटरीवर बसतं. सुरुवातीला पाय थांबवायची सवय शरीर सोडत नाही आणि सायकल खालून ढकलल्यासारखी वाटते. पायांना सायकलीसोबत जाऊ द्या. मंदावताना एकदम अडवू नका, वर येणाऱ्या पायडलवर हळूहळू वजन टाका. स्किड नंतर शिका.

पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर परत घरी या आणि कॉग व लॉकरिंग पुन्हा आवळा. चढावर दिलेल्या जोराने कॉग आणखी थोडा आत बसलेला असतो आणि लॉकरिंग सैल पडलेली असते. मागच्या धुरीचे नट, चेनचा ताण, चेनरिंगचे बोल्ट, सगळं एकदा बघून घ्या.

आता दाखवा

फोटो उजव्या बाजूचा, म्हणजे चेन दिसेल असा काढा. खाली बसून कॅमेरा वरच्या दांडीच्या उंचीखाली आणा, दूर जा आणि झूम करा, म्हणजे चाकं लंबगोल दिसत नाहीत. मागे साधी भिंत. हँडल सरळ, दोन्ही व्हॉल्व्ह खाली, टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी, क्रँक आडवा किंवा सीट ट्यूबच्या रेषेत. मग जवळून काढा: लगची कडा, बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर, ड्रॉपआउट, हब. जाणकार याच फोटोंवर थांबतात, आणि फ्रेमचा निर्माता ओळखायला मदतही याच फोटोंतून मिळते.

सोबत सगळं खरं लिहा. कोणते भाग मूळचे, कोणते नंतरचे, रंग जुना की नवा, कुठे पोचा आहे, चिमटा बदललाय का. दुसऱ्याच्या सायकलीबद्दल बोलतानाही हेच. ‘सीट खाली घे’ म्हणण्याआधी त्याची उंची विचारा. चेनलाइन चुकलेली किंवा लॉकरिंग नसलेली दिसली, तर मात्र न संकोचता लगेच सांगा.

आणि दोन्हीकडचे दात लिहायला विसरू नका. फोटोखाली पहिला प्रश्न तोच येतो.